वाल्बुर्गाचा उतार

फाट्यापाशी आल्यावर रोस्विताने पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहिला. "बाबा, इथूनच खाली उतरू या ना. नदीकाठची वाट सपाट आहे. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चाला म्हणाले होते," सासरे म्हणाले. "वर की खाली, ते काही बोलले नाहीत." आणि काठी टेकत ते मळ्यांच्या वाटेला लागलेसुद्धा.

गावच्या वेशीतून निघायचं, द्राक्षमळ्यांमधून टेकडी चढायची, पलीकडच्या तटबंदीच्या गावात उतरून कांद्याचा केक आणि नवी, अजून फसफसणारी वाइन घ्यायची, मग माइन नदीच्या काठाने घरी यायचं. ऑक्टोबरातली ही फेरी सासऱ्यांनी, गेबहार्डनी, कधी चुकवली नव्हती. आधी बायकोबरोबर, ती गेल्यावर एकट्याने. फेब्रुवारीत त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून यंदा सोबतीला सून होती.

आणि त्याच फेब्रुवारीत, ते हॉस्पिटलात असताना, त्यांच्या मुलाने, लोटारने, वरच्या उतारावरचा जुना मळा मुळासकट उपटून टाकला होता. सासूबाईंनी, वाल्बुर्गांनी, लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी लावलेल्या सिल्वानर जातीच्या द्राक्षांच्या वेली होत्या त्या. लागोपाठच्या दुष्काळांनी अर्ध्या वाळल्या होत्या, त्या चढावर यंत्र जात नव्हतं आणि हाताने काम करायला माणूस मिळत नव्हता. लोटारचं चुकलं असं रोस्विताला आजही वाटत नव्हतं. पण 'मी सांगतो बाबांना, जरा बरे होऊ देत' म्हणत त्याने वसंत घालवला, उन्हाळा घालवला. तीही गप्प बसली.

"आज तोंडाला कुलूप का गं?" सासऱ्यांनी विचारलं. "नवऱ्याशी वाजलं की काय?"

"नाही हो."

"मग मी फार भरभर चालतोय वाटतं. म्हाताऱ्याने दमवलं सुनेला!" ते खुशीत हसले. "वर पोचलो की तुला वाल्बुर्गाच्या वेलींची द्राक्षं खायला घालतो. लोटारने अजून तोडली नसतील. तो नेहमी उशीर करतो."

चॅपेलच्या वळणावर तिच्याने पुढे जाववेना. वळण ओलांडलं की उतार समोर होता.

"बाबा, थांबा. बसा जरा."

"दमलीस?"

"वेली नाहीत आता. लोटारने काढल्या. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा."

ते बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी वळणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या वाढदिवसाला अंगणात सॉसेजं भाजली होती. द्राक्षाच्या लाकडावर. काय वास सुटलाय, म्हणालो होतो मी."

रोस्विताने मान खाली घातली.

"सगळी जेवली," ते म्हणाले. "कोणालाच घास अडकला नाही."

"मला अडकला होता, बाबा."

"पण गिळलास."

ते वळण ओलांडून गेले. उतारावर चुनखडीचे पांढरे दगड उघडे पडले होते, मधून मधून रानगवत वाढलं होतं. वरून खालपर्यंत एकही खांब उरला नव्हता. ते बांधाशी वाकले आणि दगडांमध्ये हात घालून काहीतरी चाचपत राहिले. एखादं मूळ तरी हाताला लागतंय का, तेच बघत असावेत. हात रिकामाच वर आला. रोस्विता आधार द्यायला पुढे झाली, तर त्यांनी तिच्याकडे न पाहता हात झटकला.

तटबंदीच्या गावात खाणावळीच्या दारात कांद्याचा केक दरवळत होता. ते तिथे थांबलेच नाहीत. कारंज्यावर तोंड धुऊ लागले, तेवढ्यात रोस्विताने लोटारला फोन केला. "मी सांगितलं त्यांना. तू ये."

नदीकाठी त्याने त्यांना गाठलं. गाडीची काच खाली केली. "बाबा, बसा गाडीत. घरी जाऊन बोलू."

"आठ महिने घरीच होतो मी," गेबहार्ड म्हणाले आणि चालत राहिले.

लोटारने गाडी कडेला लावली आणि तो मागून आला. "त्या मरत होत्या, बाबा. तुम्हालाही दिसत होतं."

"दिसत होतं. तुझ्या आईचंही दिसत होतं मला. तेव्हा तू मला खोलीबाहेर काढलं होतंस का?"

लोटार जागच्या जागी उभा राहिला. पुढे वाटेतल्या एका दगडाला म्हाताऱ्याचा पाय अडखळला. लोटार धावला, त्याने हात पुढे केला. गेबहार्डनी त्या हाताकडे पाहिलं आणि रोस्विताचा दंड धरला. मघाशी याच हाताने त्यांनी तिला झटकलं होतं. आता पकड इतकी घट्ट होती की तिला दुखलं.

तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मागे नवऱ्याची पावलं वाजत होती, आणि वळून त्याच्याकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. तशीच ती तिघं वेशीपर्यंत आली.