ब्याण्णव टक्के

“इतकं शुद्ध कुणी लिहितं का हो ताई? एक चूक सापडेल तर शपथ!” मार्गदर्शक सर ऑफिसातल्या ताईंच्या कानाशी कुरकुरले. ताई चौकशी समितीचा वृत्तान्त लिहायला बसल्या होत्या. त्यांनी नुसतं “हं” केलं.

समोर ती पोरगी अंग चोरून बसली होती. तिचा प्रबंध होता लिफ्टमध्ये माणसं कुठे बघतात यावर. आठ महिने ती वही घेऊन याच इमारतीत वरखाली करत होती. ताईंनाही तिनं तीनदा टिपलं होतं. तिन्ही वेळा म्हणे त्या स्वतःच्या चपला बघत होत्या. आता कॉम्प्युटरनं निकाल दिला होता: ब्याण्णव टक्के मजकूर एआयचा. समितीनं मान डोलावली की पदवी गेली, आणि तिच्यामागून पुढच्या महिन्यात लागायची नोकरीही.

“मी अगदी बारकाईनं वाचलं,” विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. “यंत्राचाच वास येतो.”

“मलाही आला,” बाहेरगावहून आलेले परीक्षक घड्याळ बघत म्हणाले.

“कुठल्या प्रकरणात आला, सर?” ताईंनी पेन उचललं. “रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“तिसरं लिहा. तिसऱ्यात फारच सफाई आहे.”

इतका वेळ रडवेली झालेली पोरगी फिस्सकन हसली आणि घाबरून तिनं तोंडावर हात ठेवला.

“काय झालं गं?” मॅडम कडाडल्या.

“मॅडम, तिसरं प्रकरण उलटं शिवलंय. चारही प्रतींत. बायंडरकाकांनी डोकं खाली, पाय वर केलंय. महिना झाला, कुणी ओरडेल म्हणून जीव मुठीत धरून बसलेय.”

तिघांनी आपापली प्रत उघडली. कोरे करकरीत पुठ्ठे प्रथमच वाकले. ताईंनी मान लांब करून पाहिलं. तक्ते, आकडे, सगळे शीर्षासन करत होते.

“मी... फिरवून वाचलं,” परीक्षक म्हणाले.

“अख्खं?” ताईंच्या तोंडून निसटलंच.

मॅडम चष्मा पुसायला लागल्या. परीक्षकांनी छताकडे डोळे लावले. पोरीचा हात सवयीनं वहीकडे गेला. ताईंनी डोळे वटारले तसा मागे आला.

मार्गदर्शक सरांनी प्रत मिटून टेबलावर ठेवली. कान लाल झाले होते, पण चेहरा मोकळा.

“लिहा ताई,” ते म्हणाले, “हा प्रबंध आमच्यापैकी कुणीच वाचलेला नाही.”