वीस फुटांच्या आतलं

मी एक दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. माझा पट्टा तीनदा बदलला आहे आणि उजव्या नळीचा रंग खरवडून आतलं पितळ दिसतं. ज्या कारखान्यात माझी भिंगं घासली गेली तो केव्हाच बंद पडला. एक खोट माझ्यात तिथूनच आली आहे. लांबचं सगळं मी लख्ख दाखवते, पण वीस फुटांच्या आतलं मला काही केल्या नीट दाखवता येत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते.

माझं आयुष्य कोलोरॅडोच्या डोंगरात व्हर्ना हॅस्केलच्या गळ्यात गेलं. ही बाई शाळेची बस चालवायची आणि दर जुलैत गावामागच्या डोंगरधारेवर जाऊन टार्मिगन मोजायची. टार्मिगन तितराएवढा असतो. हिवाळ्यात पांढराशुभ्र, उन्हाळ्यात दगडाच्या रंगाचा. मोजणीचा नियम कडक होता. मोजणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं, आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं. एकतीस वर्षं व्हर्नाने आकडे लिहिले. कुणी कौतुक केलं की ती मला थोपटून म्हणायची, "सगळं हिचं काम." मला ते खरंच वाटायचं.

मग लागोपाठ दोन वर्षं शून्य आलं. पक्षिमित्र मंडळाने कळवलं, की यंदाही काही दिसलं नाही तर टार्मिगन तिथून गेले असं धरून मोजणी बंद करू. ते पत्र पोस्टात बसणाऱ्या तिओदोरा लुहानने वाचून दाखवलं, कारण व्हर्ना चष्मा घरी विसरली होती. वर्षभर ती तो रोजच विसरत होती.

"मलाही ने की वर," तिओदोरा म्हणाली. "पन्नास वर्षं या डोंगराखाली काढली, पण कावळ्यापलीकडे एक पक्षी ओळखता येत नाही."

"चिमणी तरी?"

"चिमणी म्हणजे सगळे लहान पक्षीच ना?"

"अगं बाई! उद्या पहाटे ये. दुपारी वर विजा पडतात, उशीर केलास तर तुला टाकून जाईन."

पाइनच्या जंगलात व्हर्नाने मला तिओदोराच्या गळ्यात अडकवलं. नवी मान मला काही फारशी आवडली नाही. ती मला डोळ्यांना लावूनच पक्षी शोधू लागली आणि तिला फक्त फांद्या दिसल्या.

"आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धर," व्हर्ना म्हणाली. "मग नजर न हलवता दुर्बीण वर आण."

दहाव्या खेपेला जमलं. "दिसला! निळा, तुरेवाला! डोळ्यावर पांढरी रेघ आहे, बघ ना!"

"असेल," व्हर्ना म्हणाली. "त्या निळ्या पक्ष्याला 'जे' म्हणतात. ओरडण्यावरूनच कळलं."

झाडं संपली, खुजी वाळुंजाची झुडपं आणि दगड सुरू झाले. तिओदोराने पलीकडचे उतार माझ्यातून पिंजून काढले. मध्येच ती ओरडली, "तीन! तीन बसलेत!"

"हलतात का? पाच मिनिटं बघ."

पाच मिनिटांनी ती ओशाळली. "दगड आहेत गं."

दोन तास असेच गेले. पश्चिमेला ढग जमू लागले. व्हर्नाने शर्टाच्या टोकाने माझी भिंगं खसाखसा पुसली, डोळ्यांना लावली आणि मला परत दिलं. "ही पण धुरकटली. चल, शून्य लिही. डोंगर तापत चाललाय, ते तरी किती दिवस राहतील?" एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. रडू आवरत असावी.

निघण्यापूर्वी दोन घास खावेत म्हणून तिओदोराने मला दगडावर ठेवलं आणि बरिटोचा कागद सोडला. तेवढ्यात पायाशी असलेल्या एका दगडाने डोळे मिचकावले.

"व्हर्ना, हलू नकोस. तुझ्या बुटापाशी आहे. मादी! आणि पिल्लं... चार. नाही, पाच!"

व्हर्ना वाकली. थेट त्या मादीकडेच बघत राहिली.

"कुठे?"

"हे काय, इथे. माझं बोट बघ."

मादी पिल्लांना हळूच कुकुक करून बोलवत होती. व्हर्ना ऐकत राहिली.

"म्हणजे ते कुठे गेलेच नव्हते," ती म्हणाली. मग हसली, आणि तिचे डोळे भरून आले. "माझे डोळे गेलेत, तिओदोरा. बरं झालं बाई. मला वाटलं, पक्षीच गेले."

"मग लिहू ना सहा?"

"लिही. पण तुझ्या नावावर, तू पाहिलेस. आणि ती दोन शून्यं माझी होती, डोंगराची नव्हती, असंही कळव."

आता मी पोस्टातल्या खुंटीवर असते आणि दर जुलैत तिओदोराबरोबर वर जाते. व्हर्ना सोबत येते, कान देऊन बसते. मित्रांनो, माझी भिंगं शर्टाच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात. आणि ज्या डोळ्यांना मला लावता, त्यांचीही कधी विचारपूस करा. व्हर्नाचे डोळे विझत होते तेव्हा त्यांच्या सगळ्यांत जवळ मीच होते. पण ते वीस फुटांच्या आतलं होतं.