आफ्रिकेहून आलेला डबा

सचिनचा प्रबंध होता 'तुर्कस्तानचे आफ्रिकाविषयक धोरण : एक मूल्यमापन'. पवनारच्या माणसानं या भानगडीत का पडावं, हे गावाला कधी कळलं नाही. मार्गदर्शक पुंडलिकराव सरांनी शेवटचं प्रकरण तिसऱ्यांदा परत केलं. "वकिलाती मोजल्या, दवाखाने मोजले. पण तिकडून काय आलं? आफ्रिकेले तुर्कस्तान हवा हाय का, ते लिही ना बाबा!"

सचिननं हे घरी जसंच्या तसं सांगितलं. घरात आईचं, मनकर्णाबाईचंही परराष्ट्र धोरण चालू होतं. समुद्रपूरच्या प्रभाकररावांची काजल सून म्हणून आणायची. ते मोठे बागायतदार, हे मध्यम घर. उठून मागणी घालायची सोय नाही. म्हणून तीन वर्षं कुरडयांचा डबा जात होता, आणि भरून परत येत होता. डबा रिकामा आला की संबंध संपला, एवढं शेंबडं पोरही जाणतं. सचिनलाही काजल मनापासून हवी होती, पण तोंड उघडेल तर शपथ.

या खेपेला डबा घेऊन सचिनच समुद्रपूरला गेला, आणि काजलनं स्वतः तो भरून त्याच्या हाती दिला. "सांभाळून नेजा," म्हणाली.

एसटीत सचिन प्रकरण तपासायला बसला. सोमालिया झाला, एक तिळाचा लाडू. इथिओपिया झाला, आणखी एक. पवनार आलं तेव्हा आफ्रिका संपली होती आणि डबाही.

आईनं झाकण उघडलं आणि ती मटकन खाली बसली. "रिकामा! तीन वरसं पाण्यात गेली रे पोरा." मग डोळे पुसून तिनं फोन उचलला. "पुलगावच्या कमलाबाईले सांगतो. त्यांची पोरगी पाहून घेऊ."

"आई, थांब!" सचिननं फोनवर हात ठेवला. "लाडू होते. अकरा. मी खाल्ले."

"अकराच्या अकरा? त्यांचं उत्तर एसटीत बसून खाऊन टाकलं तू? अन् म्हणे मूल्यमापन करून राह्यला! लाव त्या पोरीले फोन. माफी माग, माझ्यासमोर."

नंबर तीन वर्षांपासून होता, लावला आज.

"काजल, मी सचिन. ते लाडू घरी पोचलेच नाई. सारे मीच खाल्ले."

पलीकडून हसू आलं.

"मंग? तुमच्यासाठीच केलते."

आईनं फोनला कान लावून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "लिही आता तुया सरायले. हवा हाय म्हन."