टाचेतली सुई

नागम्माचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. लेक अंबिका सिझेरियनच्या टाक्यांच्या दुखण्यानं वरच्या वॉर्डात पडलेली, जावई क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवण्यात अडकलेला, आणि इथं काचेच्या पेटीतली नात बारा दिवसांची, नऊशे ग्रॅमची. नऊशे! निलंग्याच्या बाजारात माणूस वांगीसुद्धा त्याहून जास्त घेतं.

आणि एवढ्याशा जिवाच्या टाचेत हे लोक दिवसाआड सुई खुपसून रक्त काढत होते. किल्लारीच्या भूकंपात नागम्माची दोन लेकरं गेली, ढिगाऱ्यातून जिवंत हाती लागली ती एकटी अंबिका. आता तिचं हे पहिलंच लेकरू. त्याला टोचलं की म्हातारीच्या काळजात कळ उठायची.

आज सादिया सिस्टर सुई घेऊन आली, तशी नागम्मा पेटीपुढं आडवी उभी राहिली.

"बास झालं! एक थेंब न्हाई मिळणार. तुम्हीच काढायचं अन् वर तुम्हीच म्हणायचं, रक्त कमी हाय. चोराच्या उलट्या बोंबा!"

"खरंय आजी, तपासण्यांनी बी कमी होतं," सादिया म्हणाली. "पण आता रक्त चढवायचंय. बाळ मधूनच श्वास घ्यायचं विसरून राहिलंय. रक्तपेढीतून आलेलं तिच्या रक्ताशी जुळवून बघितल्याबगर कसं देऊ?"

"मग माझं घ्या की. बादलीभर घ्या!"

"तिला तीन चमचे लागत्यात आजी. सरका."

ही कसली सरकतेय? तेवढ्यात पेटीवरचं मशीन कोकलायला लागलं. पोरीचे ओठ काळेनिळे पडले, छाती हलेना. सादियानं म्हातारीला सरळ बाजूला ढकललं, आत हात घालून तळवे चोळले, पाठ चोळली. एक, दोन, तीन... आणि छाती परत हलली.

नागम्मा आपणहून भिंतीशी सरकली. अगं बाई, वैरीण तर मीच झाले! "घे पोरी," ती कशीबशी म्हणाली, "लवकर घे."

दुपारी कुण्या अनोळखी माणसाचं रक्त बारीक नळीतून थेंबाथेंबानं आत गेलं. तीन तास लागले. नागम्मा व्हरांड्यात येरझारा घालत राहिली. ना चहा घेतला, ना कुठं टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रक्त किती वाढलं ते बघायला, सादिया परत सुई घेऊन आली. नागम्मानं मुकाट्यानं वाट दिली आणि पदरानं डोळे झाकले.

तोच पेटीतून किंकाळी फुटली. कालपर्यंत ह्या पोरीला कण्हायचंही त्राण नव्हतं. आज ती पाय झाडत होती, तोंड वासून भांडत होती.

"लई लागलं वाटतं आजी," सादिया ओशाळून म्हणाली.

"लागू दे!" नागम्मा काचेला गाल लावून हसत होती आणि डोळे गळत होते. "रड माझे माय, रड. अजून मोठ्यानं रड!"