बुरशीला वार कळत नाही

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. तोंड रुंद, झाकणाला रबराचं कडं आणि वर तारेची कळ. मला बोलता येत नाही. काही सांगायचंच झालं, तर मला आतून घाम फुटतो. पण माझा घाम वाचतो कोण? बाहेरून फडकं फिरवतात आणि म्हणतात, "काच किती मळते बाई!" आता यावर चिडू नको तर काय करू?

माझा जन्म भट्टीतला. ती धग सोडून तिथलं मला काही आठवत नाही. तारुण्य मात्र आठवतं. जमैकाच्या डोंगरउतारावर एक दुकान होतं, त्याच्या फळीवर मी साखरेत घोळवलेल्या चिंचेच्या गोळ्या पोटात घेऊन बसत असे. शाळा सुटली की मुलं नाक लावून माझी काच धूसर करत. एका वादळात दुकानाचं छप्पर उडालं. मी वाचले. दुकानदाराने मला उचललं आणि आयसिल्डाच्या हातात दिलं. "मिस आयसी, हिला तूच सांभाळ," एवढंच तो म्हणाला.

आयसिल्डा आणि तिचा नवरा झेडक हे जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे. नेमाधर्माचं घर. डोक्यावरचा रुमाल कधी उतरत नाही, अन्नात मीठ पडत नाही, पहाटेची प्रार्थना चुकत नाही. अशा घरात राहायला मिळणं हे माझं भाग्यच. परसात गांजाची चार झाडं. एके काळी ती केळीच्या आड लपवावी लागत आणि माझी जागा खाटेखाली, गोणपाटात असे. आता कायदा घरापुरती झाडं लावू देतो, म्हणून मी उजळ माथ्याने फळीवर बसते. मित्रांनो, हा मुलांचा खाऊ नव्हे. मुरवलेली फुलं आयसिल्डा घरच्या खोबरेलात मंद आचेवर ठेवते आणि ते तेल झेडकच्या बोटांना चोळते. झेडक ढोल वाजवतो. तीन ढोलांतला सगळ्यात लहान ढोल त्याचा, आणि सगळ्यात अवघडही तोच. बोटांची पेरं सुजून सुपारीसारखी झाली आहेत. ते तेल असलं की वर्षाच्या मोठ्या प्रार्थनेला तो बसतो. नसलं तर त्याच्याने कपसुद्धा उचलवत नाही.

आमच्याकडे समुद्राचं वारं डोंगराला अडतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. धुतलेला सदरा वाळण्याआधी कुबट होतो. अशा हवेत फुलं सुकवायची म्हणजे घाई उपयोगाची नाही. आयसिल्डा फांद्या प्रार्थनेच्या खोलीत सावलीला उलट्या टांगते, कारण वारा खेळतो तो तिथेच. रोज एक काडी वाकवून बघते. काडी वाकली तर थांबायचं. कट् करून मोडली, तरच फुलं माझ्यात यायची. त्यानंतरही रोज सकाळी झाकण उघडून मला श्वास घेऊ द्यायचा. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग हळूहळू पिकल्या पेरूसारखा. तो वास आला की झेडक आयसिल्डाला म्हणायचा, "राणीसाहेब, बरणी गायला लागली!" त्या कौतुकावर मी वर्षभर जगत असे.

गेल्या वर्षी मात्र पाऊस हटेना. फांद्या टांगून झाल्या, पण काडी काही मोडेना. अशातच शुक्रवार आला. या घरात शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी सूर्य बुडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विसावा. चूल नाही, झाडू नाही, कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. आणि प्रार्थनेच्या खोलीत कामाचा पसाराही दिसता कामा नये. दर वर्षी शुक्रवारच्या आत सगळं उरकत असे. या वेळी ऊन कलायला लागलं आणि आयसिल्डाने भराभर फांद्या उतरवल्या.

झेडकने एक काडी वाकवली. "अगं, अजून वाकतेय."

"वाकू दे. देवापुढे पसारा नको."

"अजून एक दिवस टांगलेली राहिली, तर काय देव पडदा लावून बसणार आहे?"

"तुम्ही ढोल सांभाळा. खोली माझी."

असं म्हणून तिने ती ओलसर फुलं माझ्यात दाबून भरली आणि कळ लावली. मी मनात ओरडत होते, अगं, थांब! पण व्रत म्हणजे व्रत. मी कोण बोलणारी?

शनिवारी सकाळी मला दरदरून घाम फुटला. आतून थेंब ओघळत होते. शेजारची मारव्हा वाफवलेलं ब्रेडफ्रूट घेऊन आली. ती रविवारी चर्चला जाणारी. बोलायला फटकळ, मनाने सोनं.

"मिस आयसी, तुझी बरणी रडतेय गं!"

आयसिल्डाने पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "संध्याकाळी उघडेन."

"संध्याकाळी? तोवर आत जंगल माजेल! मी उघडू? माझा काही शनिवार नाही."

"या घरात आज काम नाही, मारव्हा. माझ्या हाताने नाही, तुझ्याही नाही."

"मागच्या शनिवारी माझ्या शेळीच्या गळ्यात दोर अडकला, तेव्हा कोण अनवाणी पळालं?"

"तो जीव होता."

मारव्हाने झेडकच्या हातांकडे बोट दाखवलं. "आणि हा? हा जीव नाही? तुझा शनिवार, माझा रविवार. बुरशीला वार कळत नाही, बाई!"

झेडकने हात शालीखाली घेतले. मी ओली, गच्च बंद, दिवसभर त्या दोघांकडे बघत राहिले. ज्याच्यासाठी हे सगळं, तो समोर. जिला सगळं कळतं, ती समोर. आणि मध्ये फक्त माझी एक कळ!

सूर्य बुडताच तिने झाकण उघडलं. पेरूचा वास नाही, न झाडलेल्या गोठ्यासारखा उग्र दर्प आला. तिने फुलं सुपात पसरली. पाऊस होताच. दोन-चार दिवसांत त्यांच्यावर पांढरी लव धरली. असं औषध कुणाला लावू नये. तिने सगळं मातीत पुरलं आणि मला राखेने इतकं घासलं की मला वाटलं, आता मी झिजून जाते.

त्यानंतर खोली झाडताना दाराच्या मागे एक फांदी सापडली. शुक्रवारच्या घाईत खुंटीवर राहून गेलेली. तिने काडी वाकवली. कट्! पुरा शब्बाथ तो पसारा देवापुढे टांगलेला होता, आणि तोच तेवढा चांगला सुकला होता.

त्या एका फांदीचं तेल एका हातापुरतं झालं. मोठ्या प्रार्थनेच्या दिवशी मी माझ्या फळीवर होते. दरीपलीकडून ढोल ऐकू येऊ लागले. लहान ढोलाची चाल मला पाठ आहे. पण त्या दिवशी दर दोन ठोक्यांमध्ये एक जागा रिकामी पडत होती. झेडकचा उजवा हात वाजत होता. डावा शालीखाली असणार.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "निम्मं तर झालं, राणीसाहेब." त्या 'निम्म्या'ने आयसिल्डा रडली.

यंदा शनिवारी मारव्हा येते आणि माझी कळ उघडते. आयसिल्डा स्वतः हात लावत नाही, पण आता तिला अडवतही नाही. तिची प्रार्थना चालू असते, आणि माझं झाकण उघडल्याचा आवाज आला की ती नकळत मान हलवते. रविवारी मारव्हा चर्चला गेली की आयसिल्डा तिच्या शेळीला पाणी पाजते. पण ही मारव्हा वेळेवर येईल तर शपथ! वाटेत चार घरी गप्पा मारून येते, आणि तोवर माझा जीव आत घुसमटत असतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला बोलता येत नाही, फक्त घाम फुटतो. तो बाहेरून पुसू नका. वार कुठला आहे ते नंतर बघा. आधी झाकण उघडा.