जावयाचा पाय

आमच्या वन्संना एक वाईट खोड आहे. दुसऱ्याचं दुखणं त्यांना बघवत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, अगं बाई, किती मायेची बाई! एका घरात राहून बघा म्हणजे कळेल. इस्त्रीचा चटका बसतो माझ्या बोटाला आणि रडायला ह्या. माझे मालक गेले तेव्हा माझ्याआधी ह्या बेशुद्ध पडल्या, आणि आलेल्या बायका मला सोडून यांच्याच तोंडावर पाणी मारत बसल्या. भाऊ त्यांचा होता, कबूल. पण नवरा माझा होता ना?

ते मी पोटात घातलं. परवा त्यांनी जे केलं ते मात्र पोटात मावत नाही.

आमचं धुलाईचं काम आहे. वसतिगृहाच्या, दवाखान्याच्या चादरी येतात, धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत जातात. आणायला-न्यायला गाडी, आणि गाडीला तट्टू. त्याचं नाव जावई. नाव मीच ठेवलं. मला मुलगी नाही, वन्संना तर मूलच नाही, तरी घरात जावई आहे. रुसतो, फुगतो, मानपान झाल्याशिवाय पाऊल उचलत नाही, आणि दोन म्हाताऱ्या त्याच्या पुढंपुढं करतात. आमचं आपसात वाजलं की बोलणंही त्याच्यामार्फतच. "जावईबापू, कुणाला तरी सांगा, चहा गार होतोय." तो कान हलवतो, आणि वन्सं चहाला येतात. मालक गेल्यावर हे घर त्याच्याच चार पायांवर उभं आहे म्हणा ना.

त्यातल्या एका पायावर कोळसेवाल्याच्या घोड्यानं लाथ झाडली. पाण्याच्या हौदावर, मागच्या उजव्या पायाला, पोटरीच्या आतल्या बाजूनं, जिथं हाडावर मांस म्हणून नसतं. जखम नखाएवढी. मी म्हटलं, लागलंय थोडं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाय अधांतरी. खुराचं टोक जमिनीला लागलं की सगळं अंग शहारायचं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्याला हलवू नका. आणि दुखण्यावरचं काही म्हणजे काही देऊ नका. तो लंगडतो कसा ते मला बघायचंय. मी संध्याकाळी येते."

हे मी वन्संना शब्दन् शब्द सांगितलं. "काही करू नका," म्हटलं. "बसा नुसत्या. तेवढं जमेल ना?"

"बसायला काय अक्कल लागते, वहिनी?" त्या म्हणाल्या.

लागते. आता कळलं.

दवाखान्याच्या चादरी पोचवायच्याच होत्या. मी हातगाडी ओढत गेले. या वयात, चढावर, माणसं बघत असताना. परत आले तर जावई चारी पायांवर उभा, कान टवकारलेले, टोपल्यात तोंड. माझा जीव असा भांड्यात पडला की काय सांगू. गार पाण्याच्या पट्ट्या मीच बांधल्या होत्या, जुनी चादर फाडून. मनात म्हटलं, बघा, हाताला गुण आहे माझ्या. वन्संकडे बघून चक्क हसलेसुद्धा मी. त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, जळतात.

डॉक्टरीणबाई आल्या. पाय चाचपला, दाबला, वाकवला. तो ढिम्म.

"फोनवर तर म्हणालात, पाय टेकवतच नाही."

"गुण आला," मी म्हटलं.

"एवढ्या लवकर?" त्यांच्या कपाळाची आठी जाईना. "जरा गल्लीत चालवून दाखवा."

मी दोर धरून निघाले. तो माझ्यामागून टापटाप, नवाच झाल्यासारखा. "आता दुडकी चालवा," त्या म्हणाल्या. तशी मीही पळायला लागले. आमच्या कपड्यांच्या भट्टीसमोरून पळाले, वाण्याच्या दुकानासमोरून पळाले. वाणी म्हणाला, "आजी, शर्यत लावलीय काय?" मी म्हटलं, "तू ये, तुलाही हरवते."

तेवढ्यात मागून किंकाळी आली. "थांबवा! वहिनी, थांबवा त्याला!"

वन्सं दारात उभ्या. तोंड पांढरंफटक.

"पुडी दिली मी त्याला."

"कसली पुडी?"

"मागच्या वर्षी खूर पिकलं होतं तेव्हाची. दुखण्यावरची. सोड्याच्या डब्यामागं राहिल्या होत्या. एका पुडीनं काही होईना, म्हणून दोन दिल्या. कोंड्यात कालवून."

डॉक्टरीणबाई पळत आल्या, माझ्या हातातला दोर घेतला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता कुणी हलायचं नाही." आवाज अगदी हळू. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "हाडाला चीर गेली असेल, तर दुखतंय म्हणूनच तो भार टाकत नव्हता. आता त्याला दुखत नाही. तो नाचेलसुद्धा. आणि नाचता नाचता हाड उभं फुटेल. मग माझ्या हातात काही राहात नाही."

"का दिलीत?" मी विचारलं. हा माझाच आवाज का, असं मला वाटलं.

वन्सं माझ्याशी नाही, डॉक्टरीणबाईंशी बोलल्या. "कोळसेवाल्याच्या आधीच्या घोडीला तुम्हीच सुई देऊन कायमचं निजवलंत ना? तीपण पाय टेकवत नव्हती. मला वाटलं, हा नीट उभा दिसला तर तुम्ही त्याला..."

"मावशी, तिचं हाड मोडलेलंच होतं. याचं मोडायचं राहिलं असेल तर ते आत्ता आपण मोडत होतो."

आपण म्हणाल्या. पळवलं मी होतं.

गोठा पंधरा पावलांवर असेल. तेवढं अंतर त्याला असं आणलं, जसं काही त्याच्या खुरांखाली अंडी आहेत. तिथं डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावून पायातल्या हाडाचा फोटो काढला. त्यात काही दिसेना. मी म्हटलं, सुटलो. त्या म्हणाल्या, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही. केसाएवढी चीर आठ-दहा दिवसांनी उमटते. तेव्हा परत फोटो काढू. तोवर चालायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. उठताना सगळं वजन त्याच पायावर येतं. औषध मी सांगेन तेव्हा, सांगेन तेवढंच."

चादरी वाळत घालायच्या दोऱ्या सोडल्या आणि त्याला दोन्ही बाजूंनी बांधला. खाली ओल होती, पाय सरकू नये म्हणून पोती अंथरली. उरलेली पुडी मी मोरीत ओतली. धुतलेल्या ओल्या चादरी भट्टीशी तशाच पडून वास मारायला लागल्या. मारू देत. वन्संशी मी एक अक्षर बोलले नाही, जावयामार्फतसुद्धा नाही. रात्र तशीच काढली, त्या डोक्याशी, मी पाठीशी.

उजाडता उजाडता औषध उतरलं.

आधी मानेला घाम आला. मग पाय हळूहळू वर गेला आणि वरच राहिला. दात करकरा वाजायला लागले. मी कोंडा पुढं केला, त्यानं तोंड फिरवलं. गाजर दिलं, तेही नको. डोळे आमच्याकडे नाहीत, भिंतीकडे. मग पुढचे गुडघे थरथरायला लागले. त्याला बसायचं होतं. बिचाऱ्याला एवढंच हवं होतं, खाली बसायचं.

"बसतोय! वहिनी, बसतोय!"

दोऱ्या ताणल्या, खुंटा करकरला. मी खांदा त्याच्या बरगडीला लावला, वन्संनी त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर घेतली. "उभा राहा मेल्या, उभा राहा!" असं मी ओरडत होते, आणि वन्सं रडत रडत त्याच्या कानात काहीतरी सांगत होत्या. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं, माझंच हाड आधी मोडणार. मग त्यानं एक लांब उसासा टाकला आणि पुढचे पाय ताठ केले. राहिला उभा. या खेपेला.

दोघी तशाच, त्याला चिकटून. आता दहा दिवस हेच. आणि दहा दिवसांनी तो फोटो.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, याला काही झालं तर मी कुठल्या तोंडानं या घरात राहू? मी आपली जाते कुठंतरी." बोलता बोलता त्यांनी मूठभर कोंडा त्याच्या ओठांशी धरला, सवयीनं, न बघताच. त्यानं हुंगला. आणि एक घास घेतला.

माझ्या हातातलं गाजर तसंच होतं. मी ते खाली टाकलं.

"वन्सं, ऐका," मी म्हटलं. "पाय मोडला तर तो तुम्ही मोडलात, आणि हे मी मरेपर्यंत तुम्हाला ऐकवीन. वाचला तर तो त्याच्या नशिबानं, तुमचं कौतुक कुणी करणार नाही. पण जायचं नाव काढलंत तर याद राखा. हा मेला तुमच्याच हातून खातोय."