टक् झालं की उंदीर पळतो

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर लांबट काचेची पेटी, पेटीत एक पांढरा उंदीर निवांत मिशा साफ करत बसलेला. काळ्या कोटातल्या माणसाने हातातलं यंत्र भिंतीतल्या सॉकेटात खोचलं आणि बटण दाबलं. टक्! उंदीर जो उधळला तो थेट पेटीच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हा आवाज तुमच्या कानांना ऐकू यायचा नाही!" तो माणूस गरजला. "ही लहर आहे, लहर! शत्रूला हुसकावते आणि निष्पापाच्या केसालाही धक्का लावत नाही. एवढी अक्कल माणसांत तरी आहे का?"

लोकांनी माना डोलावल्या. स्वतःची अक्कल निघाली तरी खूश होण्याइतकी भुरळ त्यांना पडली होती. मग त्याने हळवा चेहरा करून कोपऱ्यातल्या उंदरापुढे चार दाणे टाकले. "घाबरलेल्या जिवावर दया करावी," तो म्हणाला. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बघता बघता त्याचा लहरीमहाराज झाला होता, तो असा.

गर्दीत बाइंडरबाई होती. जुनी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची आणि खळ लावून पुठ्ठे चढवायचे हे तिचं काम. ही पिठाची खळ उंदरांना भारी आवडायची. वाचनालयाची निम्मी पुस्तकं त्यांनी कण्यापाशी कुरतडली होती आणि काम हातचं जायची वेळ आली होती.

"घरी लेकीची पाळीव पाल आहे हो, ठिपकी," तिने विचारलं. "तिला त्रास नाही ना होणार?"

"ताई, पाल म्हणजे निष्पाप जीव! तिला तर समाधान लाभेल."

तिच्या घरातच असलेल्या दुकानात तो स्वतः यंत्र घेऊन आला. उंदरांची वाट मागच्या फळीवरून जायची. ठिपकीची काचेची पेटी त्याच फळीवर होती आणि तिथे सॉकेट एकच. त्यात पेटीखालच्या उबेच्या पट्टीची पिन होती. "लहरीशेजारी दुसरी वीज नको, लहर बाटते," महाराज म्हणाले. बाईने पट्टीची पिन उपसून तिथे यंत्र खोचलं. आपण एका चादरीवर भागवतो आणि पालीला विजेची ऊब, लाड तरी किती करायचे, असंही तिच्या मनात आलं. लेक शाळेच्या सहलीला गेली होती, त्यामुळे हटकायला कोणी नव्हतं.

लेक परत आली तेव्हा ठिपकी निपचित पडली होती. खायला सोडलेला किडा तिच्या पायावरून चालत गेला तरी तिने तोंड उघडलं नाही. महाराजांना बोलावणं गेलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि हात जोडले.

"समाधी! लहर लागली हिला!"

झालं! शेजारच्या काकू सगळ्या गल्लीला घेऊन आल्या. "कशी शांत झालीय बघा," त्या म्हणाल्या. "आमच्या सूनबाईला लागेल का हो ही लहर?"

"ती शांत नाहीये, मरतेय!" लेक किंचाळली. "आई, तुझ्या यंत्राने तिचे कान फोडले."

बाईने पेटी उचलली आणि लेकीला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पेटीच्या तळाला हात लावला. "ही गार कशी? हिची ऊब कुठे गेली?"

बाई म्हणाली, "मी पिन काढली. उंदीर पळवायचं यंत्र लावायला. महाराज म्हणाले, ही समाधी आहे."

लेकीने आईकडे पाहिलं. मग आपले दोन्ही तळहात तिने पेटीच्या तळाला टेकवले.

"पालीचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऊब गेली की तिला खाल्लेलं पचत नाही, हातपाय हलत नाहीत. तुमच्या महाराजांची समाधी ती हीच."

"आणि तो आवाज?" लेकीने विचारलं.

"तो फार वरच्या पट्टीतला असतो. पाली, कासवं, साप यांना खालच्या पट्टीतलं ऐकू येतं. हा बहुधा त्यांना कळतही नाही. पण यावर अभ्यास थोडाच झालाय, म्हणून यंत्र पेटीजवळ नको. घरात ससा किंवा पांढरे उंदीर पाळले असतील तर मुळीच नको, त्यांना तो ऐकू येतो. बाकी घरातले उंदीर थोडे दिवस बिचकतात आणि मग सरावतात. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे तर तो आवाज पोचतच नाही."

"पण उंदीर पळतो हो! मी डोळ्यांनी पाहिलंय." निदान एवढं तरी खरं निघावं, असं बाईला फार वाटत होतं.

"पळतो ना? पण जिथे पळतो तिथे त्याला काय मिळतं?"

बाईला ते चार दाणे आठवले. पेटीखाली ऊब द्यायचं काम डॉक्टरीणबाईंवर सोपवून ती लेकीसह तडक सभागृहात गेली. खेळ रंगात आला होता. बाई पुढे झाली आणि महाराज हां हां म्हणेपर्यंत तिने यंत्र सॉकेटातून उपसलं. यंत्रावरचा दिवा विझला. मग तिने बटण दाबलं.

टक्!

उंदीर धावत कोपऱ्यात गेला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि नाक वर करून वाट पाहू लागला.

"तो घाबरलेला नाही!" लेक ओरडली. "जेवायला आलाय!"

"लहर अजून हवेत उरलीय!" महाराज म्हणाले. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मात्र काहींनी बाईकडेच रागाने पाहिलं.

संध्याकाळी ठिपकी घरी आली आणि पट्टीची पिन पुन्हा सॉकेटात गेली. बाईने खळीला घट्ट झाकणाचा डबा केला आणि भिंतीतली भोकं जाळी ठोकून बुजवली. हे तिला आधीही करता आलं असतं. ठिपकीने डोळे उघडले होते, पण किडा अजून तसाच होता. जगेल असं वचन डॉक्टरीणबाईंनी दिलं नव्हतं.

"चुकलं माझं," बाई म्हणाली. लेक जराशी सरकली आणि पेटीसमोर आईपुरती जागा झाली.

तेवढ्यात दारात काकू आल्या. "तुला नको असेल तर ते यंत्र मला दे ना. मी डोळ्यांनी पाहिलंय, उंदीर पळतो!"

बाईने यंत्र त्यांच्या हातावर ठेवलं.

"न्या," ती म्हणाली. "पण काकू, घरी जाऊन आधी पिन न लावता बटण दाबून बघा. आणि यापुढे कुणीही काहीही दाखवलं ना, तरी हेच करा. ते बंद असताना काय होतं, ते आधी बघा. मी बघितलं नाही."